वापरलेल्या वस्तूंची ऑनलाइन विक्री (सातारा व सांगली जिल्हे)

वापरलेल्या वस्तूंची ऑनलाइन विक्री म्हणजे घरातील, शेतातील किंवा व्यवसायातील वापरून झालेली वस्तू तिच्या मालकाने संकेतस्थळ, मोबाइल ॲप अथवा समाजमाध्यमावरील गटाच्या साहाय्याने दुसऱ्या व्यक्तीस किंवा संस्थेस विकणे होय. बोलीभाषेत अशा वस्तूंना 'सेकंड हँड' किंवा 'जुना माल' म्हणतात. महाराष्ट्रातील सातारा व सांगली या जिल्ह्यांत दुचाकी, मोटारी, ट्रॅक्टर, शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे, फर्निचर, वाद्ये इत्यादी वस्तूंचे व्यवहार या मार्गाने होतात.

वस्तू कोणत्या ठिकाणी विकावी हा प्रश्न सर्वसाधारणपणे किमतीचा मानला जातो. तथापि प्रत्येक ठिकाणी विक्रेत्यावर राहणारी जबाबदारी वेगळी असते. मोफत जाहिरातीच्या संकेतस्थळावर पूर्ण किंमत मिळण्याची शक्यता असते, परंतु ग्राहकाची खातरजमा, पैशांची सुरक्षितता आणि कागदपत्रांचे हस्तांतरण ही कामे विक्रेत्यालाच करावी लागतात. वस्तू थेट विकत घेणाऱ्या कंपनीकडे किंमत कमी मिळते व त्या बदल्यात यांपैकी काही कामे कंपनी करते. वाहनासारख्या नोंदणीकृत वस्तूच्या बाबतीत हा फरक विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण पैसे मिळाल्यानंतरही सरकारी नोंदीत नाव राहिलेल्या मालकावर कायदेशीर दायित्व येऊ शकते.

पार्श्वभूमी

आंतरजालापूर्वीची व्यवस्था

आंतरजालाचा प्रसार होण्यापूर्वी वापरलेल्या वस्तू विकण्याचे मार्ग ओळखीवर आधारलेले होते. नातेवाईक, शेजारी, गावातील मेकॅनिक, जुन्या गाड्यांचा दलाल, सराफ, भंगारवाला आणि जत्रेतील बाजार हे त्यांतील प्रमुख होत. दैनिकांतील छोट्या जाहिराती हा आणखी एक मार्ग होता. मोडीत भांडी देऊन नवी घेण्याची पद्धत तांब्या-पितळेच्या दुकानांत रूढ होती व अद्यापही आहे.

या व्यवस्थेत ग्राहकांची संख्या मर्यादित असे; मात्र दोन्ही पक्ष एकमेकांना, निदान मध्यस्थाला ओळखत असत. व्यवहार ठरल्याची खूण म्हणून विसार दिला जाई आणि उरलेली रक्कम वस्तू ताब्यात घेताना मिळे. ऑनलाइन व्यवहारात विसाराची जागा 'टोकन' रकमेने घेतली असली, तरी ओळखीचा मध्यस्थ बहुधा राहिलेला नाही.

संकेतस्थळांचा उदय

भारतात सामान्य नागरिकाला स्वतःची वस्तू आंतरजालावर विकता येईल असे आरंभीचे प्रमुख संकेतस्थळ म्हणजे २००० साली मुंबईत सुरू झालेले बाझी डॉट कॉम होय. ते लिलाव पद्धतीवर चालत असे. २००४ मध्ये ईबे या अमेरिकी कंपनीने ते सुमारे पाच कोटी डॉलरना विकत घेतले. त्याच वर्षी एका वापरकर्त्याने संकेतस्थळावर विक्रीस ठेवलेल्या आक्षेपार्ह चित्रफितीच्या प्रकरणात कंपनीचे प्रमुख अवनीश बजाज यांना अटक झाली. वापरकर्त्याने टाकलेल्या मजकुराची जबाबदारी संकेतस्थळावर किती, हा प्रश्न या प्रकरणामुळे देशभर चर्चिला गेला. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये २००८ साली दुरुस्ती होऊन कलम ७९ अन्वये मध्यस्थ संकेतस्थळांना अटींच्या अधीन राहून संरक्षण देण्यात आले. त्यामुळे जाहिरात टाकणाऱ्याच्या कृतीची प्राथमिक जबाबदारी सामान्यतः त्याच्याकडेच राहते. ईबेचे भारतीय संकेतस्थळ ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाले.

लिलावाऐवजी मोफत वर्गीकृत जाहिरातींची पद्धत भारतात अधिक रुजली. ओएलएक्स ही कंपनी २००६ मध्ये स्थापन झाली, तर क्विकर हे संकेतस्थळ त्या नावाने २००८ पासून ओळखले जाऊ लागले. दूरचित्रवाणीवरील 'बेच दे' या जाहिरातमोहिमेमुळे ओएलएक्सचे नाव ग्रामीण भागातही पोहोचले. २०२३ मध्ये ओएलएक्सचा भारतातील व्यवसाय कारट्रेड टेक या कंपनीने सुमारे ५३७ कोटी रुपयांना घेतला. फेसबुकने ऑक्टोबर २०१६ मध्ये 'मार्केटप्लेस' ही सुविधा काही देशांत सुरू केली व नंतर ती भारतातही उपलब्ध झाली.

२०१६ हे वर्ष या दृष्टीने आणखी दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये यूपीआय ही पैसे हस्तांतरणाची पद्धत सुरू झाली आणि सप्टेंबरमध्ये रिलायन्स जिओची सेवा सुरू होऊन मोबाइलवरील आंतरजाल स्वस्त झाले. परिणामी संगणक नसलेल्या कुटुंबांनाही मोबाइलवरून छायाचित्र काढून वस्तू विक्रीस ठेवणे शक्य झाले.

भौगोलिक परिस्थिती

२०११ च्या जनगणनेनुसार सातारा जिल्ह्याची लोकसंख्या ३०,०३,७४१ आणि सांगली जिल्ह्याची २८,२२,१४३ होती. सातारा जिल्ह्यात सुमारे १९ टक्के, तर सांगली जिल्ह्यात सुमारे २५ टक्के लोक नागरी भागात राहत होते. सातारा, कराड, फलटण, सांगली, मिरज, विटा ही शहरे वगळता वस्ती विखुरलेली आहे. त्यामुळे पुणे किंवा मुंबईत जाहिरातीला काही किलोमीटरच्या परिसरातूनच प्रतिसाद मिळू शकतो, तर जावळी, पाटण किंवा जत तालुक्यातील गावातून टाकलेल्या जाहिरातीचा संभाव्य ग्राहक बरेचदा दुसऱ्या शहरात असतो.

राष्ट्रीय महामार्ग ४८ शिरवळ, सातारा, कराड या ठिकाणांवरून जातो आणि पुणे व कोल्हापूर या मोठ्या बाजारांशी हा पट्टा जोडतो. महामार्गालगतच्या गावांतील विक्रेत्याला पुण्याचा ग्राहक मिळण्याची शक्यता अधिक असते. सांगली जिल्ह्याची सीमा कर्नाटकातील बेळगावी व विजयपुरा जिल्ह्यांशी भिडलेली असल्याने मिरज, कवठे महांकाळ आणि जत या तालुक्यांत परराज्यातील ग्राहक येणे स्वाभाविक आहे. वाहनाच्या व्यवहारात या गोष्टीमुळे कागदपत्रांची पद्धत बदलते.

वस्तू नेण्याचा खर्च हाही निवडीतील एक घटक आहे. लाकडी कपाट, पलंग, शीतकपाट यांसारखी जड वस्तू 'छोटा हत्ती' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लहान मालवाहू गाडीतून न्यावी लागते. अंतर वाढले की गाडीभाडे जुन्या वस्तूच्या किमतीच्या जवळ जाते. म्हणून अशा वस्तूंसाठी तालुक्यापुरता मर्यादित असलेला गट हा दूरवर पोहोचणाऱ्या संकेतस्थळापेक्षा अधिक उपयुक्त ठरतो.

विक्रीच्या ठिकाणांचे प्रकार

स्थानिक गट

व्हॉट्सॲप व फेसबुकवर शहर किंवा तालुक्याच्या नावाने चालणारे खरेदी-विक्रीचे गट या प्रकारात मोडतात. येथे शुल्क नसते आणि ग्राहक बहुधा जवळचा असतो. एखाद्या सामाईक ओळखीतून त्याची माहिती काढता येते. मात्र व्हॉट्सॲप गटात विक्रेत्याचा दूरध्वनी क्रमांक सर्व सदस्यांना दिसतो, जाहिरात थोड्याच वेळात इतर संदेशांखाली जाते आणि तक्रार निवारणाची कोणतीही व्यवस्था नसते.

वर्गीकृत जाहिरातींची संकेतस्थळे

ओएलएक्स, क्विकर व फेसबुक मार्केटप्लेस या ठिकाणी वस्तूची छायाचित्रे, वर्णन, किंमत व ठिकाण देऊन जाहिरात टाकता येते. ग्राहक ॲपमधील संवादखिडकीतून संपर्क साधतो. संकेतस्थळ केवळ दोघांची गाठ घालून देते. वस्तूची तपासणी, पैसे व ताबा या गोष्टी दोन्ही पक्षांनी आपापसात पार पाडावयाच्या असतात. घासाघीस गृहीत धरून किंमत काहीशी वाढवून लिहिण्याचा प्रघात आहे.

थेट खरेदी करणाऱ्या कंपन्या

मोबाइल व इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठी कॅशिफाय (स्थापना २०१३), मोटारींसाठी कार्स२४ व स्पिनी (दोन्हींची स्थापना २०१५) अशा कंपन्या वस्तू तपासून स्वतः किंवा आपल्या व्यापारी जाळ्यामार्फत विकत घेतात. विक्रेत्याने ॲपवर भरलेल्या माहितीवरून आरंभी दिसणारी किंमत ही अंदाजी असते. प्रत्यक्ष तपासणीत ओरखडे, बॅटरीची स्थिती, बदललेले भाग इत्यादी आढळल्यास ती कमी होते. अशा कंपन्यांची घरी येऊन वस्तू नेण्याची सेवा पिनकोडवर अवलंबून असते. त्यामुळे जिल्ह्याच्या मुख्य शहरात मिळणारी सेवा लगतच्या खेड्यात मिळेलच असे नाही.

बदली योजना

नवीन मोबाइल, दूरचित्रवाणी संच किंवा धुलाई यंत्र घेताना जुने उपकरण देऊन किमतीत सवलत घेण्याची पद्धत ॲमेझॉन व फ्लिपकार्ट या संकेतस्थळांवर तसेच स्थानिक दुकानांतही आहे. यात अनोळखी ग्राहकाशी संबंध येत नाही. मात्र सवलतीची रक्कम आणि तीच नवी वस्तू जुनी न देता मिळते ती किंमत, यांची तुलना केल्याशिवाय जुन्या वस्तूचा खरा मोबदला कळत नाही.

वस्तूनुसार निवड

वाहने

सातारा जिल्ह्यात सातारा (एमएच-११) व कराड (एमएच-५०), तर सांगली जिल्ह्यात सांगली (एमएच-१०) हे वाहन नोंदणी संकेतांक आहेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यांतर्गत विक्रीत वाहन देणाऱ्याने १४ दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्यास हस्तांतरणाची माहिती द्यावयाची असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर नोंद होण्यासाठी अर्ज करावयाचा असतो. यासाठी अनुक्रमे नमुना २९ व नमुना ३० वापरले जातात. 'परिवहन' संकेतस्थळावरून हे अर्ज ऑनलाइन करता येतात. वाहन कर्नाटकात किंवा अन्य राज्यात जाणार असल्यास मूळ नोंदणी प्राधिकाऱ्याचे ना हरकत प्रमाणपत्र (नमुना २८) आवश्यक असते. कर्जाऊ घेतलेल्या वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रावर वित्तसंस्थेचा बोजा असतो. कर्ज फेडल्यानंतर नमुना ३५ द्वारे तो उतरविल्याशिवाय विक्री निर्वेध होत नाही. ऊसपट्ट्यातील ट्रॅक्टर बहुधा कर्जावर घेतलेले असतात. तेही नोंदणीकृत वाहन असल्याने त्यांना हे नियम लागू होतात.

'टीटी फॉर्म'वर सही करून व मूळ आरसी ग्राहकाच्या हाती देऊन व्यवहार पूर्ण झाला असे मानण्याची समजूत रूढ आहे. ती कायद्याला धरून नाही. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये यासंबंधी महत्त्वाचा निर्णय दिला. त्या प्रकरणातील मोटार मूळ मालकाने विकल्यानंतर एकापाठोपाठ एक अनेकांच्या ताब्यात गेली होती, परंतु नोंदणी मूळ मालकाच्याच नावावर राहिली होती. २००९ मध्ये झालेल्या अपघातात एका मुलाचा मृत्यू झाला. गाडी त्या वेळी कोणाच्याही ताब्यात असली, तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक असून नुकसानभरपाईचे दायित्व त्याच्यावर येते, असे न्यायालयाने ठरविले. अपघातग्रस्तांना खऱ्या मालकाचा शोध घेत एकामागून एक व्यक्तींच्या मागे लागावे लागू नये, हे त्यामागचे तत्त्व होते.

या निर्णयामुळे दुचाकीसारखे तुलनेने स्वल्प किमतीचे वाहन विकतानाही ग्राहकाची निवड महत्त्वाची ठरते. काही हजार रुपये जास्त देणारा, परंतु 'नावावर नंतर करून घेतो' असे म्हणणारा ग्राहक विक्रेत्यासाठी प्रत्यक्षात महाग ठरू शकतो. वाहतूक नियमभंगाचे ई-चलानही नोंदणीकृत मालकाच्या नावेच निघते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीनुसार जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांना अधिकृत प्राधिकारपत्र घेता येते. अशा अधिकृत विक्रेत्याकडे वाहन दिल्याची ऑनलाइन सूचना विहित नमुन्यात नोंदविल्यानंतर तो त्या वाहनाचा मानीव मालक समजला जातो. म्हणून मध्यस्थास वाहन देताना त्याच्याकडे असे प्राधिकारपत्र आहे किंवा नाही, हा मुद्दा किमतीइतकाच महत्त्वाचा आहे.

विम्याच्या बाबतीत, वाहन हस्तांतरित झाल्यावर त्यासोबतचे विमा प्रमाणपत्रही हस्तांतरित झाले असे कलम १५७ मानते. पॉलिसीत बदल करून घेण्यासाठी नव्या मालकाने १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावयाचा असतो.

मोबाइल व संगणक

मोबाइल ही आकाराने लहान व सहज पाठविता येणारी वस्तू असल्याने तिला दूरचा ग्राहकही मिळतो. तिच्या विक्रीतील मुख्य जोखीम ही आतील माहितीची आहे. छायाचित्रे पुसून टाकणे पुरेसे नसते. गूगल किंवा ॲपल खात्यातून यंत्र वेगळे करून नंतर संपूर्ण 'फॅक्टरी रीसेट' करावे लागते. खाते न काढता रीसेट केलेला मोबाइल नव्या मालकाला जुन्या खात्याचा संकेतशब्द मागतो व व्यवहार अडतो. सिमकार्ड, मेमरी कार्ड आणि बँक व यूपीआय ॲपची नोंदणीही आधी काढून घ्यावी लागते.

प्रत्येक मोबाइलला १५ अंकी आयएमईआय क्रमांक असतो. तो यंत्रावर *#०६# दाबून पाहता येतो. दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर किंवा १४४२२ या क्रमांकावर संदेश पाठवून संबंधित यंत्र काळ्या यादीत आहे का, हे तपासता येते. मूळ पावती व खोके असल्यास मालकी सिद्ध करणे सोपे जाते.

वाद्ये

मिरज हे तंतुवाद्यनिर्मितीचे जुने केंद्र आहे. मिरजेची सतार व मिरजेचा तानपुरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या वाद्यांचा भोपळा नाजूक असल्याने साधारण कुरिअरने पाठविताना तो तडकण्याचा धोका असतो. जुन्या वाद्याची किंमत त्याच्या नादावर, भोपळ्याच्या व दांडीच्या स्थितीवर आणि कारागिराच्या नावावर अवलंबून असते व छायाचित्रावरून ती ठरविता येत नाही. मिरजेतील कारागीर दुरुस्तीचे कामही करीत असल्याने जाहिरात टाकण्यापूर्वी त्यांच्याकडून वाद्याची परीक्षा करून घेणे विक्रेत्याच्या हिताचे असते. कोणाच्या हातचे वाद्य आहे ही माहिती वर्णनात दिल्यास जाणकार ग्राहक मिळण्याची शक्यता वाढते.

सोने व चांदी

सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडी परिसरातील गलाई व्यावसायिक देशभर सोन्याचांदीचे शुद्धीकरण करण्यासाठी ओळखले जातात. विटा हे या व्यवसायिकांचे महत्त्वाचे गाव आहे. जुन्या दागिन्याची किंमत मुख्यतः त्यातील शुद्ध धातूवर ठरते, घडणावळीचा मोबदला परत मिळत नाही. वजन व शुद्धता समक्ष तपासावी लागत असल्याने वर्गीकृत जाहिरातीतून दागिने विकणे व्यवहार्य ठरत नाही. शिवाय घरात सोने असल्याचे अनोळखी लोकांना कळते. सराफांना हॉलमार्कयुक्त दागिने विकणे १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले असले, तरी सामान्य ग्राहकास आपला हॉलमार्क नसलेला जुना दागिना सराफास विकता येतो.

जनावरे

खिलार जनावरांच्या बाजारासाठी सांगली जिल्ह्यातील खरसुंडी आणि सातारा जिल्ह्यातील पुसेगाव व म्हसवड येथील यात्रा प्रसिद्ध आहेत. समाजमाध्यमांवर बैल, म्हशी व गायींची छायाचित्रे फिरत असली, तरी फेसबुकच्या व्यापारविषयक धोरणात प्राण्यांच्या खासगी विक्रीस मनाई आहे. त्यामुळे अशी जाहिरात काढून टाकली जाऊ शकते. जनावराचे दात, चाल, कासेची स्थिती व स्वभाव प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कळत नसल्याने ऑनलाइन जाहिरातीचा उपयोग ग्राहक शोधण्यापुरता राहतो आणि व्यवहार गोठ्यात किंवा बाजारात होतो.

नाणी, शस्त्रे व जुने कागद

सातारा ही मराठा छत्रपतींची राजधानी असल्याने या भागातील जुन्या घराण्यांत शिवराई नाणी, मोडी कागदपत्रे, तलवारी व मूर्ती आढळतात. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून अधिक जुनी मानवनिर्मित वस्तू, तसेच ऐतिहासिक वा वाङ्मयीन मूल्य असलेले ७५ वर्षांहून जुने हस्तलिखित पुरावशेष ठरू शकते. अशा वस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय करण्यास परवाना लागतो आणि त्या खासगी व्यक्तीने देशाबाहेर पाठविणे गुन्हा आहे. त्यामुळे परदेशी ग्राहकाने आंतरराष्ट्रीय संकेतस्थळावर दिलेली मोठी बोलीही स्वीकारता येत नाही. जमिनीत सापडलेल्या धनाबाबत भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ लागू होतो व ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. धारदार शस्त्रे शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कक्षेत येऊ शकतात.

'जुनी नोट द्या, लाखो रुपये मिळवा' अशा जाहिरातींतून उलट विक्रेत्याकडूनच कर, कमिशन किंवा प्रक्रिया शुल्क उकळले जाते. रिझर्व्ह बँकेचे नाव व बोधचिन्ह वापरून असे प्रकार होत असल्याचे लक्षात आल्यावर बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला. असे कोणतेही शुल्क आपण घेत नाही आणि कोणाला तसे अधिकारही दिलेले नाहीत, असे बँकेने स्पष्ट केले.

महापूर व जुन्या वस्तूंचा बाजार

कृष्णा, वारणा व कोयना या नद्यांच्या काठच्या गावांना २००५, २०१९ व २०२१ मध्ये मोठ्या पुराचा फटका बसला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीतील आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. अनेक दिवस पाण्याखाली राहिलेल्या वाहनांत व उपकरणांत विद्युत जोडण्या गंजणे, इंजिनात पाणी जाणे, आसनांखाली गाळ साचणे असे दोष निर्माण होतात. वरवरच्या स्वच्छतेनंतर ते छायाचित्रात दिसत नाहीत.

माल विक्री अधिनियम, १९३० मधील सर्वसाधारण तत्त्व वस्तू पारखून घेण्याची जबाबदारी ग्राहकावर टाकते. परंतु माहीत असलेला दोष जाणूनबुजून लपविणे हे भारतीय संविदा अधिनियम, १८७२ नुसार कपट ठरू शकते आणि फसवणूक झालेल्या पक्षास करार रद्द करण्याचा हक्क मिळतो. त्यामुळे पुरात भिजलेली वस्तू तसे स्पष्ट नमूद करून कमी किमतीत विकणे किंवा सुट्या भागांसाठी देणे, हे विक्रेत्यासाठीही सुरक्षित असते. या परिसरातील वाहन पाहताना ग्राहक बरेचदा पुराविषयी विचारणा करतात. विमा दाव्याची व दुरुस्तीची कागदपत्रे असल्यास शंका दूर होते.

पैसे स्वीकारणे व फसवणूक

ऑनलाइन विक्रीत फसवणूक ग्राहकाचीच होते असा समज असला, तरी विक्रेत्याच्या फसवणुकीचे प्रकारही अनेक आहेत. त्यांतील प्रमुख पुढीलप्रमाणे:

क्यूआर कोडचा प्रकार: ग्राहक म्हणविणारी व्यक्ती वस्तू न पाहताच सांगितलेली किंमत मान्य करते आणि पैसे पाठविण्यासाठी म्हणून क्यूआर कोड पाठविते. तो स्कॅन करून पिन टाकताच विक्रेत्याच्या खात्यातून रक्कम जाते. यूपीआयमध्ये पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पैसे मागण्याच्या विनंतीचा असाच गैरवापर होत असल्याने राष्ट्रीय भुगतान निगमने व्यक्ती-व्यक्तींमधील अशा विनंतीची सुविधा १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली; क्यूआर कोडबाबतची सावधगिरी मात्र आजही आवश्यक आहे.

लष्करी ओळखीचा प्रकार: समोरील व्यक्ती आपण सैन्यात असल्याचे सांगून बनावट ओळखपत्राचे छायाचित्र पाठविते. सातारा जिल्ह्याला सैनिकी परंपरा आहे. अनेक कुटुंबांतील माणसे सैन्यात असल्याने या नावावर येथे चटकन विश्वास बसू शकतो.

खोटी पावती: पैसे पाठविल्याचे बनावट पडदाचित्र किंवा बँकेसारखा दिसणारा संदेश दाखवून वस्तू नेली जाते. खात्यातील शिल्लक स्वतः तपासणे हाच यावरील उपाय आहे.

जादा रकमेचा प्रकार: चुकून अधिक पैसे पाठविल्याचा बहाणा करून फरकाची रक्कम परत मागितली जाते, प्रत्यक्षात मूळ रक्कम आलेलीच नसते.

चाचणी फेरी: वाहन चालवून पाहण्याच्या निमित्ताने ते पळविले जाते. ओळखपत्र पाहणे आणि चालकासोबत स्वतः किंवा विश्वासू माणूस बसणे, ही प्रचलित दक्षता आहे.

फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदतवाहिनीवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावर नोंद करता येते. रक्कम पुढील खात्यांत जाण्यापूर्वी गोठविता येणे हे वेळेवर अवलंबून असल्याने तक्रार त्वरित करणे महत्त्वाचे असते. रोखीच्या व्यवहारात, प्राप्तिकर कायद्यानुसार एकाच व्यवहारापोटी दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास मनाई आहे.

ग्राहक संरक्षण व मालकीचा पुरावा

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० हे नियमित व्यवसाय करणाऱ्यांना उद्देशून आहेत. एखाद्या व्यक्तीने व्यावसायिक किंवा नियमित स्वरूपाचा नसलेला खासगी व्यवहार केल्यास ते लागू होत नाहीत. म्हणजेच घरातील एखादे कपाट विकणारी व्यक्ती या नियमांनुसार 'विक्रेता' ठरत नाही; मात्र तिच्याकडून घेणाऱ्यालाही या नियमांचे संरक्षण मिळत नाही. दोघांमधील लेखी नोंद हाच मुख्य पुरावा राहतो. वस्तूचे वर्णन, ज्ञात दोष, किंमत, दिनांक, वेळ व दोघांच्या सह्या असलेला साधा कागदही उपयोगी पडतो. वाहनाच्या बाबतीत ताबा दिल्याची वेळ लिहिणे विशेष आवश्यक मानले जाते.

आपल्या मालकीची नसलेली वस्तू विकणाऱ्याकडून ग्राहकाला सामान्यतः मालकी मिळत नाही. चोरीची वस्तू आहे हे जाणून ती घेणे भारतीय न्याय संहिता, २०२३ च्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे. मृत व्यक्तीच्या नावावरील वाहन वारसाने आधी स्वतःच्या नावावर करून घ्यावे लागते; त्यासाठी नमुना ३१ वापरला जातो. एकत्र कुटुंबातील सामाईक वस्तू विकताना इतर हक्कदारांची संमती नसल्यास पुढे वाद उद्भवू शकतो.

विक्री न होणाऱ्या वस्तू

बंद पडलेले संगणक, दूरचित्रवाणी संच इत्यादींना ग्राहक न मिळाल्यास ते बहुधा भंगारात जातात. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार अशा वस्तूंचे पुनर्चक्रण नोंदणीकृत संस्थांमार्फत होणे अपेक्षित आहे. नोंदणीकृत वाहन भंगारात देतानाही अधिकृत मोडतोड केंद्राकडून प्रमाणपत्र घेऊन नोंदणी रद्द करावी लागते. तसे न केल्यास मोडलेल्या वाहनाची नोंद मालकाच्या नावावर तशीच राहते आणि तिच्या क्रमांकाचा गैरवापर होऊ शकतो.